तुम्ही विचारलेत म्हणून: कारखान्याचे जुने सॉफ्टवेअर नव्याने का लिहून काढत नाही?

सांगली जिल्ह्यातील एका सहकारी साखर कारखान्याच्या संगणक विभागात मी २००३ पासून काम करतो. उसाची नोंद, तोडणीचा कार्यक्रम, काट्यावरचे वजन, तोडणी-वाहतुकीची बिले आणि शेवटी सभासदाच्या खात्यावर जमा होणारे ऊसबिल, हा सगळा व्यवहार ज्या सॉफ्टवेअरवर चालत आला त्याचा गाभा फॉक्सप्रो या नोंदी साठवण्या-शोधण्यासाठीच्या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला आहे आणि तो मी रुजू होण्याच्या आठ वर्षे आधीचा आहे. पुण्यातील एका मोठ्या कंपनीत नोकरी करणारा माझा भाचा दर दिवाळीला विचारतो, "मामा, हे सगळे तीन महिन्यांत नव्याने लिहून होईल, मग तुम्ही अजून त्यालाच ठिगळे का लावत आहात?" नव्याने निवडून आलेले संचालक हाच प्रश्न विचारतात आणि आमच्याकडे कामाला लागलेली तरुण मुले तर पहिल्याच आठवड्यात विचारतात. घाईत दिलेल्या उत्तराने कोणाचेच समाधान होत नाही, असा माझा अनुभव आहे, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

प्रश्नात जे खरे आहे ते आधी मान्य करायला हवे. फॉक्सप्रो ज्या कंपनीने तयार केले ती मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये विकत घेतली, व्हिज्युअल फॉक्सप्रोची नववी आणि शेवटची आवृत्ती २००४ च्या अखेरीस आली आणि जानेवारी २०१५ मध्ये तिला मिळणारा आधारही संपला. आमचा काही भाग तर त्याहूनही जुना, विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीवर चालणारा आहे. आजच्या ६४ बिटच्या विंडोजवर तो थेट चालतच नाही, त्यामुळे त्याच्यासाठी डॉसचा आभास निर्माण करणारे वेगळे सॉफ्टवेअर वापरावे लागते. गाळप ऐन भरात असताना वीज गेली की इंडेक्सची, म्हणजे नोंदी शोधण्याच्या सूचीची, फाइल बिघडायची आणि ती पुन्हा तयार होईपर्यंत वाहनांची रांग गेटबाहेर रस्त्यापर्यंत पोहोचायची. ही स्थिती कायम राहावी असे मला मुळीच वाटत नाही. ती बदलली पाहिजे, आणि ती बदलण्याचे काम आम्ही करतही आहोत. माझा विरोध आहे तो "नव्याने लिहून काढू" या शब्दांत जे गृहीत धरलेले असते त्याला. सॉफ्टवेअरने काय करायचे हे आपल्याला माहीत आहे, फक्त ते नव्या भाषेत मांडायचे राहिले आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. ते खरे नाही, आणि हे मला एका चुकीतून कळले.

आमच्या वजनकाट्याच्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ होती. वजनाची वेळ पहाटे चारच्या आधीची असेल, तर तारखेतून एक दिवस वजा कर, एवढेच ती सांगत होती. तिच्या शेजारी कोणतीही टीप नव्हती. २०१४ च्या हंगामाआधी आमच्याकडे आलेल्या एका हुशार मुलाला ती ओळ चूक वाटली, कारण मध्यरात्रीनंतर तारीख बदलते हे कोणीही सांगेल. त्याने ती काढली आणि तो बदल मी स्वतः तपासून मंजूर केला. गाळप सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतील रसायनतज्ज्ञ आमच्या विभागात आले. त्यांच्या नोंदवहीतील त्या दिवसाचे गाळप आणि आमच्या अहवालातील गाळप यांचा मेळ बसत नव्हता, आणि त्यामुळे साखर उताराही चुकत होता.

कारण अगदी साधे होते. आमच्या कारखान्यात पहिली पाळी पहाटे चारला सुरू होते आणि गाळपाचा दिवसही तेव्हाच सुरू होतो. रात्री दोन वाजता काट्यावर आलेला ऊस कारखान्याच्या दृष्टीने आदल्या दिवसाचा असतो. शंभर किलो उसातून किती किलो साखर मिळाली, यावर उतारा ठरतो आणि उताऱ्यावर उसाचा दर ठरतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने ठरवलेला रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, १०.२५ टक्के मूळ उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे आणि त्यापुढे उतारा ०.१ टक्क्याने वाढला की दर ३.४६ रुपयांनी वाढतो. म्हणजे ज्या ओळीला आम्ही चूक समजलो, ती शेतकऱ्याच्या पैशाच्या हिशेबाशी जोडलेली होती. ही ओळ ज्यांनी लिहिली ते गृहस्थ निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. त्यांना भेटायला गेलो तेव्हा त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. भरलेली गाडी रात्री अकराला काट्यावर आली आणि रिकामी होऊन पहाटे पाचला परत काट्यावर आली, तर तो ऊस कोणत्या दिवसाचा धरायचा, यावर पूर्वी दोन विभागांत मोठा वाद झाला होता आणि शेवटी रिकाम्या गाडीच्या वजनाची वेळ धरावी असे बैठकीत ठरले होते. त्या बैठकीचे इतिवृत्त कुठेही सापडत नाही. निर्णय फक्त कोडमध्ये शिल्लक आहे.

असे निर्णय तीस वर्षांत साचत गेले आहेत. ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ चा. त्यानुसार ऊस मिळाल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावे लागतात आणि उशीर झाला तर वार्षिक पंधरा टक्के व्याज द्यावे लागते, म्हणून चौदा दिवस नेमके कोणत्या तारखेपासून मोजायचे, हा आमच्यासाठी अतिशय गंभीर प्रश्न असतो. २००९ मध्ये किमान वैधानिक किंमत जाऊन एफआरपी आली तेव्हा बिलाची मांडणी बदलली. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने एफआरपी दोन टप्प्यांत देण्याचा निर्णय घेतला तेव्हा ती पुन्हा बदलली, आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केल्यावर आणखी एकदा बदलली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर नदीकाठच्या गावांतील बुडालेला ऊस आधी तोडायचा म्हणून क्रमवारीत एक अट घातली, ती त्या हंगामापुरतीच होती. तरीही ती मी काढलेली नाही, कारण पुन्हा पूर आला तर काय करायचे याची तीच एकमेव लेखी नोंद आमच्याकडे आहे.

सगळे एकदम टाकून नव्याने सुरुवात करण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण नेटस्केप या ब्राउझरचे आहे. त्याची चौथी आवृत्ती १९९७ साली आली. पुढच्या वर्षी जुना कोड बाजूला ठेवून नव्याने लिहिण्याचा निर्णय झाला आणि सहावी आवृत्ती बाहेर पडायला नोव्हेंबर २००० उजाडला. पाचवी कधी आलीच नाही. दरम्यान मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरने बाजार ताब्यात घेतला. न्यायाने बोलायचे तर त्याच नव्या कोडमधून पुढे फायरफॉक्स उभा राहिला, म्हणजे ते श्रम वाया गेले नाहीत. पण ज्या कंपनीने ते सुरू केले तिला मधली तीन वर्षे परवडली नाहीत. साखर कारखान्याला तर एकही हंगाम थांबता येत नाही. शेतात ऊस उभा असतो आणि तो वाळत जातो.

याचा अर्थ जुने जसेच्या तसे राहू द्यावे, असाही नाही. अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीच्या प्रणालीत २००३ पासून वापरात नसलेला एक भाग तसाच पडून होता. १ ऑगस्ट २०१२ रोजी नवा कोड आठपैकी सातच सर्व्हरवर चढवला गेला, आठव्यावर तो निद्रिस्त भाग जागा झाला आणि सुमारे पाऊण तासात कंपनीचे ४४ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले. हे प्रकरण मी आमच्या प्रत्येक नव्या सहकाऱ्याला समजावून सांगतो. जे मेलेले आहे ते काढलेच पाहिजे. मात्र ते मेलेले आहे की चार वाजण्याची वाट पाहत आहे, हे काढण्याआधी ठरवता आले पाहिजे.

सर्वांत कष्टाचे काम मात्र नियमांचे नव्हते, नावांचे होते. डॉसच्या काळात आमच्याकडे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचे, संगणकावर भारतीय लिप्या दाखवणारे जिस्ट कार्ड होते आणि सभासदांची नावे इस्की या भारतीय प्रमाणसंकेतात साठवली जात. त्यात अक्षरे उच्चाराच्या क्रमाने असतात, त्यामुळे ती युनिकोड या आजच्या जागतिक अक्षरसंकेतात आणणे अवघड नव्हते. पुढे विंडोजवर टंकांच्या (फॉन्टच्या) साहाय्याने मराठी लिहिण्याची पद्धत आली. तिच्यात अक्षरे दिसण्याच्या क्रमाने साठवली जातात. "शिर्के" हे आडनाव घ्या: डोळ्यांना आधी वेलांटी दिसते, मग श, मग क आणि मात्रा, आणि शेवटी डोक्यावरचा रफार. युनिकोडमध्ये मात्र आधी श, मग वेलांटी, मग र, हलन्त, क आणि मात्रा असा क्रम लागतो. आमच्या एकाच रकान्यात दोन्ही पद्धतींची नावे मिसळलेली होती आणि कोणते नाव कोणत्या पद्धतीचे आहे याची खूण कुठेही नव्हती. त्यात भर म्हणजे "कऱ्हाड" मधला ऱ्ह युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकात मुळातच नुक्ता असलेला ऱ वापरतात, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारे जोडचिन्ह. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ती दोन वेगळी गावे वाटतात, आणि एका गावाचे शोधपत्रक काढले की निम्मे सभासद गायब होतात. हजारो नावे आम्ही छापून गटागटांत पाठवली, चिटबॉयनी, म्हणजे गावोगावी फिरणाऱ्या कारखान्याच्या कर्मचाऱ्यांनी, ती घरोघरी नेऊन तपासून आणली. बँकेच्या खात्यावरील नाव आणि आमच्याकडील नाव जुळले नाही तर बिल अडकते, आणि ज्याचे बिल अडकते त्याच्या घरात मुलीच्या प्रवेशाची फी किंवा सोसायटीचा हप्ता थांबतो. म्हणून त्या एका वर्षाच्या कामाचा मला मनापासून अभिमान आहे.

तरुण सहकाऱ्यांचा खरा प्रश्न वेगळाच असतो आणि तो ते दबक्या आवाजात विचारतात: "सर, असे काम करून माझ्या बायोडेटात काय लिहू?" त्यांची काळजी रास्त आहे. मुलाखतीत आजच्या साधनांची नावे विचारली जातात, फॉक्सप्रोचे नाव घेतले तर समोरच्याचा रस संपतो, आणि मी त्यांना त्याग करायला सांगू इच्छित नाही. मी एवढेच सांगतो की नव्या भाषेतले कामही तुम्ही इथे करणारच आहात. पण ज्याने दुसऱ्याने लिहिलेली वीस हजार ओळींची गुंतागुंत वाचून, ती लिहिणाऱ्याला शोधून काढून, एकही बिल न चुकवता बदलली आहे, त्याने ते तसेच बायोडेटात लिहावे. आमच्याकडून गेलेल्या दोघांना पुढच्या नोकऱ्या याच ओळीवर मिळाल्या, असे त्यांनी मला स्वतः सांगितले.

अलीकडे त्याच प्रश्नाला नवी जोड मिळाली आहे: कृत्रिम बुद्धिमत्तेला हा कोड दिला तर ती एका दिवसात भाषांतर करून देईल. मी ती साधने वापरतो आणि जुन्या, सहा अक्षरी नावांच्या चलांचा अर्थ लावायला त्यांची चांगली मदत होते. ती चार वाजण्याची ओळ त्यांनी बिनचूक भाषांतरित केली. गाळपाचा दिवस आणि दोन विभागांतला तो वाद मात्र कोडमध्ये नव्हताच, तो एका निवृत्त माणसाच्या आठवणीत होता, आणि तिथपर्यंत पोहोचायला कोणाला तरी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसावे लागले.

म्हणून आमची पद्धत संथ आहे. एका हंगामाला एकच भाग बदलायचा, तो पूर्ण हंगामभर जुन्याच्या बरोबरीने चालवायचा आणि प्रत्येक पंधरवड्याचे दोन्ही निकाल पैशापर्यंत ताडून पाहायचे. तोडणी-वाहतुकीच्या बिलात पहिल्याच पंधरवड्यात काही पैशांचा फरक आला. जुना प्रोग्रॅम प्रत्येक कपात स्वतंत्रपणे पूर्ण रुपयात आणत होता आणि नवा शेवटी एकदाच आणत होता. गणिताच्या दृष्टीने नवा अधिक बरोबर होता. तरीही आम्ही जुनी रीत ठेवली, कारण मुकादमाच्या हातातील पावतीवर प्रत्येक कपात वेगळी छापलेली असते आणि तो ती स्वतः बेरीज करून पाहतो. काट्यावरचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटरही ठेवला आहे. तो कागदावर आघात करून छापतो, त्यामुळे कार्बन लावून शेतकरी, वाहतूकदार आणि शेतकी विभाग अशा तिघांच्या प्रती एकाच वेळी निघतात, आणि तिन्हींवर तेच वजन आहे हे शेतकऱ्याला डोळ्यांसमोर दिसते. वजनाबद्दल शेतकऱ्यांच्या मनात इतकी वर्षे जो संशय आहे, तो लक्षात घेता हे मला फार महत्त्वाचे वाटते.

उसाची नोंद, तोडणीचा कार्यक्रम, वजनकाटा आणि वाहतूक बिले नव्या प्रणालीवर गेली आहेत. ऊसबिल राहिले आहे. त्यात एका जुन्या गटातील काही सभासदांच्या बिलातून टनामागे ठरावीक रक्कम कमी करणारी एक अट आहे. ती अट कोणत्या ठरावातून आली, ते लेखा विभागात आज कोणालाच सांगता येत नाही. १९९६ साली तिथे असलेले एक लेखनिक आता कवठेमहांकाळजवळ मुलाकडे राहतात, असे कळले आहे. हंगाम सुरू होण्याआधी मी त्यांना भेटायला जाणार आहे, आणि तोपर्यंत ती ओळ आहे तशीच राहील.