गिटारवरून बेसवर: गच्चीवरचे आठ महिने

आमच्या बँडमध्ये गिटार वाजवणारे तिघं होते आणि बेस, म्हणजे खालचे सूर देणारी जाड तारांची गिटार, वाजवणारा कोणीच नव्हता. 2009 ची गोष्ट, इंजिनीअरिंगचं तिसरं वर्ष. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या आणि माझी निघाली. तिन्ही चिठ्ठ्यांवर माझंच नाव होतं, हे मला दोन वर्षांनी कळलं.

"तुझे बोटं लांब आहेत ना बे," ड्रमर म्हणाला. एवढंच सांत्वन.

मनाची समजूत घालायला मला एक बरा आधार सापडला. 1961 मध्ये बीटल्स या इंग्लिश बँडचा बेसवाला स्टुअर्ट सटक्लिफ चित्रकलेसाठी बँड सोडून हॅम्बर्गला राहिला, तेव्हा बेस घ्यायला त्या मंडळींतही कोणी फारसं उत्सुक नव्हतं. शेवटी बेस त्यांच्यातल्याच पॉल मॅकार्टनीच्या गळ्यात पडला. आपण एकटे नाही, असं वाटलं. तो मॅकार्टनी होता आणि मी नागपूरच्या मानेवाड्याचा, हा फरक तेव्हा डोक्यात आला नाही.

एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून 4500 रुपयांत जुना बेस मिळाला. खांद्याला लावला आणि पहिल्या दिवशी कळलं की ही मोठी गिटार नव्हे. गिटारच्या तारेची लांबी साधारण 25.5 इंच, बेसची 34. गिटारसारखं एका फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) एक बोट ठेवायला गेलो तर पहिल्या चार फ्रेटवर करंगळी अक्षरशः रडते. मी महिनाभर हट्टानं तसंच केलं आणि मनगट धरून बसलो. मग उभा डबल बेस वाजवणाऱ्यांची जुनी पद्धत कळली: खालच्या भागात पहिलं, मधलं आणि करंगळी एवढीच वापरायची, अनामिकेनं करंगळीला नुसता टेकू द्यायचा. चार फ्रेटचं अंतर तीनमध्ये आलं, दुखणं थांबलं. ज्यांचे हात मोठे आहेत त्यांनी खुशाल चार बोटं ताणावीत. बाकीच्यांनी मनगटाशी भांडू नये.

उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट, आलटून पालटून, मेट्रोनोमवर, म्हणजे ठोके देणाऱ्या यंत्रावर, मिनिटाला 60. रोज एक तास. फोड आले, फुटले, कातडी जाड झाली. यात सांगण्यासारखं काही नाही, कंटाळवाणं असतं ते.

सांगण्यासारखी गोष्ट शेजारच्या काकूंची. गच्चीवरच्या खोलीत आमची प्रॅक्टिस चाले. भिंतींना अंड्यांचे ट्रे लावले होते, सगळेच लावतात म्हणून. एक दिवस काकू जिना चढून वर आल्या. "बाकीच्या पोट्ट्यायचं ऐकू येत नाही रे, पण तू वाजवायला लागला की माझ्या मांडणीवरचे पेले थरथरतात."

त्यांना खाली पाठवलं, मी एकेक सूर वाजवत गेलो आणि त्या खिडकीतून ओरडून सांगत राहिल्या: "हा नाही... हा पण नाही... हौ, हाच!" जाड तारेचा तिसरा फ्रेट, म्हणजे खालचा जी, 49 हर्ट्झ. त्या सुराला त्यांची अख्खी मांडणी बोलत होती. घरी येऊन हिशेब केला. बेसची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की 41 हर्ट्झ, आणि तेवढ्या आवाजाची एक लाट आठ मीटरहून लांब. खोलीच आमची दहा बाय बारा फुटांची. अशा लाटेला अंड्याचा ट्रे काय अडवणार? शिवाय आवाज हवेतून कमी आणि स्लॅबमधून जास्त जात होता. अँपखाली, म्हणजे बेसचा आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या खोक्याखाली, स्कूटरचं जुनं टायर आणि त्यावर दुमडलेली गादी घातली. पेले बरेचसे गप्प झाले. उरलेल्या थरथरीसाठी काकूंनी स्वतःच पेल्यांखाली जुन्या धोतराची घडी टाकली.

फेब्रुवारीत कॉलेजच्या गॅदरिंगला पहिला शो झाला आणि साफ पडला. मला वाटत होतं मी फार भारी वाजवतोय. रेकॉर्डिंग ऐकलं तर नुसता चिखल. ड्रमरचा किक, म्हणजे पायानं वाजवायचा मोठा ड्रम, ऐकू येत नव्हता, माझा सूर कळत नव्हता, मधे फक्त घों घों. दोष सगळ्यांनी साउंडवाल्याला दिला. मीही दिला.

होळी झाली, कूलर लागले. उन्हानं बेस खराब होईल म्हणून मी तो कूलरच्या तोंडासमोर स्टँडवर ठेवायला लागलो. नागपूरकराचं प्रेम असंच असतं, ज्याच्यावर जीव त्याला कूलरसमोर बसवायचं. पंधरा दिवसांत तारा फ्रेटपासून एवढ्या वर गेल्या की दाबताना बोटं कापली जायची. लाकडानं खसाच्या ताट्यांतून येणारा ओलावा पिऊन मान पुढे वाकवली होती. मानेच्या आत लोखंडी सळई असते, ती ॲलन कीनं घट्ट केली की मान मागे येते. मी उत्साहात एकदम पूर्ण फेरा दिला, आतून 'कट्' असा आवाज आला आणि माझ्या पोटात गोळा. नशीब, सळई शाबूत होती. नंतर शिकलो: पाव फेरा द्यायचा, तार परत सुरात लावायची आणि एक दिवस थांबायचं. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबून सातव्या-आठव्या फ्रेटशी बघायचं. तार आणि फ्रेटमध्ये व्हिजिटिंग कार्ड कसंबसं सरकलं की झालं. बेस तेव्हापासून कपाटात राहतो.

एप्रिलच्या सुरुवातीला त्याच ऑर्केस्ट्रावाल्याचा फोन. त्याचा बेसवाला गावी गेला होता, 14 एप्रिलला इंदोऱ्यात भीमगीतांचा कार्यक्रम, रात्रीचे 1500 रुपये. हो म्हणालो. पण तारा मेलेल्या होत्या, आवाज दोरीवर वाजवल्यासारखा, आणि नवा सेट घ्यायला पैसे नव्हते. अमेरिकेतल्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचे बेसवाले जेम्स जेमर्सन तर तुटल्याशिवाय तार बदलतच नसत, आणि वाजवायचे एकट्या तर्जनीनं. पण तो आधार प्रत्येकाला पेलतोच असं नाही. तारा काढून गुंडाळल्या आणि आईच्या वरणाच्या पातेल्यात दहा मिनिटं उकळल्या. वेटोळ्यांत अडकलेला घाम-मळ सुटतो, तार काही दिवस परत चकचकीत बोलते. पाणी चहासारखं झालं. आईनं झाकण उघडलं, आत बघितलं आणि काही न बोलता गॅस बंद केला.

कार्यक्रमाच्या आधी मंडपामागे सराव होता. ढोलकवाले काका साठीचे असतील. दोन गाणी झाल्यावर त्यांनी हात थांबवला.

"पोट्ट्या, तू काहून एवढा बोलून राहिला?"

मला कळेना.

"माह्या धुमावर तू बी धुम करशील, अन् मी थांबलो तरी धुमच करशील, त लोकायले ऐकू काय येईन?"

मग त्यांनी डाव्या हातानं केरवा, म्हणजे आठ मात्रांचा ताल, हळू दाखवला. धा गे ना ती, न क धि न. "धा ले माह्यासंगं ये. धि ले ये. 'ना ती न' ले गप राहाय. तिथं माहा बी डावा हात गप आहे, दिसते ना?"

दिसत होतं. त्या तीन मात्रांना त्यांचा पंजा ढोलकाच्या डाव्या पुडीपासून बोटभर उंच, हवेत थांबलेला असायचा. मी रात्रभर सुरांकडे बघितलंच नाही, फक्त तो पंजा बघितला. पंजा खाली आला की वाजवायचं, वर राहिला की तारेवर बोट टेकवून ती बंद करायची. तार बंद करणं हेही वाजवण्याइतकंच हाताचं काम आहे, हे आठ महिन्यांत कोणी सांगितलं नव्हतं. दहाला दहा कमी असताना हवालदार स्टेजशेजारी येऊन घड्याळ बघू लागले. शेवटचं गाणं दुप्पट लयीत घेतलं आणि दहाला स्पीकर बंद. काकांनी पैसे मोजत असताना एवढंच विचारलं, "पुढच्या बारीले येशीन?"

पुढच्या रविवारी गच्चीवर ड्रमरला म्हटलं, तुझा किक म्हणजे धा आणि स्नेअर, तो काठीनं वाजवायचा कडक आवाजाचा ड्रम, म्हणजे ती. तो माझ्याकडे बघतच राहिला. गॅदरिंगचंच गाणं घेतलं, मी निम्मे सूर गाळले. तो मधेच थांबून म्हणाला, "अबे, आज माझा किक ऐकू येऊन राहिला!" साउंडवाल्याची मनात माफी मागितली.

बँड 2013 मध्ये मोडला. दोघं पुण्याला गेले, एकाचं लग्न झालं. मी नोकरी करून अजून वाजवतो, वर्षाला वीस-पंचवीस कार्यक्रम होतात. नवा सेट आता परवडतो, तरी जुन्या तारा उकळायची सवय गेली नाही. ते पातेलं आईनं परत वरणाला घेतलं नाही. उलट भांड्यांच्या दुकानात नेऊन त्याच्या काठावर नाव कोरून आणलं. घरातल्या सगळ्या भांड्यांवर बाबांचं नाव आहे. यावर फक्त 'तारांचं'.