आमची वाटचाल: आर्गनची वही

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) आमचं वर्कशॉप 1996 पासून आहे. डेअरी, औषध आणि केमिकल कारखान्यांसाठी स्टेनलेस स्टीलच्या पाइपलाइन आणि टाक्या आम्ही बनवतो. अण्णांनी सुरुवात केली तेव्हा ग्रिल, गेट, शेडचे सांगाडे अशी रॉड वेल्डिंगची कामं असायची. मग नंदेसरी, रणोलीकडच्या कारखान्यांत ओळखी झाल्या, एसएसची, म्हणजे स्टेनलेस स्टीलची कामं मिळू लागली आणि शेडमध्ये वितळलेल्या धातूला हवा लागू न देणाऱ्या आर्गन गॅसचा पहिला निळा बाटला आला. आज ग्राहक आमच्याकडे परत परत येतात त्याचं मोठं श्रेय मी त्या बाटल्याच्या निगराणीला देतो, म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवून त्याबद्दलच लिहितो.

अण्णा रॉड मोजून द्यायचे आणि संध्याकाळी उरलेले मोजून घ्यायचे. आर्गन आल्यावर त्यांनी तीच शिस्त त्यालाही लावली. बाटल्याला दोरीने एक वही बांधली. सकाळी बाटल्यावरच्या प्रेशरचा काटा किती, संध्याकाळी किती, दिवसभर कोणतं काम झालं. तेव्हा आजूबाजूच्या शेडमध्ये बाटला संपला की दुसरा मागवायचा, एवढाच हिशेब होता. मी कलाभवनातून, म्हणजे सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये सुरू केलेल्या आणि पुढे विद्यापीठाची इंजिनिअरिंग फॅकल्टी झालेल्या संस्थेतून मेकॅनिकल करून धंद्यात आलो, तेव्हा त्या वह्यांचा गठ्ठा माझ्या हाती आला. ती माझी खरी पुस्तकं.

वहीतून पहिली गोष्ट कळली ती रात्रीची. संध्याकाळचा काटा आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा काटा जुळत नव्हता. आमच्याकडचा मोठा बाटला भरलेला असतो तेव्हा त्यात साधारण 7 घनमीटर, म्हणजे 7,000 लिटर गॅस असतो. कुठल्या तरी जोडातून मिनिटाला 1 लिटर जात असेल तर दिवसाला 1,440 लिटर जातात. बाटल्याचा वॉल्व्ह उघडाच राहिला तर पाच दिवसांत एकही वेल्ड न करता बाटला रिकामा! आर्गनला वास नाही, रंग नाही, आणि शेडच्या आवाजात एवढी बारीक गळती ऐकूही येत नाही.

तेव्हापासून सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे एक काम ठरलेलं आहे. लाइनमध्ये प्रेशर भरायचं, बाटल्याचा वॉल्व्ह बंद करायचा आणि रेग्युलेटरच्या काट्याकडे बघत बसायचं. काटा जागचा हलला नाही तर लाइन घट्ट आहे. उतरू लागला की साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन आमचे जुने फोरमन काका एकेका जोडापाशी जातात. ते घाई करत नाहीत. नटाला फेस लावतात, बॅटरी धरतात आणि थांबतात. मोठी गळती लगेच फसफसते. बारीक गळतीचा बुडबुडा मात्र मोहरीएवढा येतो, तिथेच बसतो आणि हळूच दुसरा त्याला चिकटतो. अशी जागा सापडली की काका खडूने खूण करतात आणि मगच पुढच्या जोडाकडे वळतात. आमच्या अनुभवात गळती बहुतेक वेळा तीनच ठिकाणी सापडते: रेग्युलेटर जिथे बाटल्याला बसतो तिथे, नळीच्या क्लिपखाली आणि टॉर्चच्या, म्हणजे वेल्डरच्या हातातल्या वेल्डिंगच्या दांड्याच्या, मागच्या टोपीच्या ओ-रिंगमध्ये (रबरी कडीत). बडोद्याच्या उन्हात रापलेली रबरी नळी बाहेरून धड दिसते, पण वाकवली की तिच्यावर केसासारख्या चिरा उघडतात. अशी नळी आम्ही टेप गुंडाळून चालवत नाही, सरळ कापून फेकतो.

गळतीत पैसे जातात हे सगळ्यांना कळतं. पण टॉर्चजवळच्या ढिल्या जोडातून वाहता गॅस बाहेरची हवासुद्धा आत ओढतो, हे फार थोडे लोक ध्यानात घेतात. बाटला शुद्ध, फ्लोमीटर (गॅसचा प्रवाह दाखवणारी नळी) बरोबर, वेल्डर कसलेला, आणि तरी वेल्ड काळवंडतं, टॉर्चमधल्या टंगस्टनच्या कांडीचं टोक निळं-काळं पडतं. मग गॅसवाल्याला दोष दिला जातो. आमच्याकडे असं झालं की आधी ओ-रिंग पाहतात.

दुसरा मोठा धडा उन्हाळ्याने दिला. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली माणूस उभा राहू शकत नाही, पंखा लावावाच लागतो. पंख्याचा झोत जोडावर आला की आर्गनचं आवरण फाटतं, वेल्डमध्ये छिद्रं दिसू लागतात आणि वेल्डर साहजिकच फ्लोमीटरची गोळी वर चढवतो. मिनिटाला 12 लिटरवर एक बाटला वेल्डिंग सतत चालू असताना पावणेदहा तासांच्या आसपास पुरतो, 20 वर तो सहा तासांच्या आत संपतो. शिवाय टॉर्चच्या तोंडावरच्या लहान कपातून इतका गॅस सोडला की तो शांत वाहत नाही, भोवरे घेतो आणि स्वतःच हवा आत खेचतो. छिद्रं वाढतात, गोळी आणखी वर जाते. हे चक्र वेल्डरला रागावून तुटत नाही. आम्ही प्रत्येक टेबलाला तीन बाजूंनी पडदे केले, पंखे पडद्याबाहेर माणसाच्या पाठीशी घेतले, टॉर्चना गॅस लेन्स (गॅस शांत सोडणाऱ्या जाळ्या) बसवल्या आणि मे महिन्यात काम पहाटे लवकर सुरू केलं. गॅस वाचलाच, पण मुलं दुपारच्या कहरातून सुटली याचं समाधान मला जास्त आहे.

एमएसच्या (साध्या पोलादाच्या) सपोर्टसाठी मिग, म्हणजे तार आपोआप पुढे सरकवणारं वेल्डिंग लावलं, तेव्हा ट्रिगर दाबताच 'फस्स' असा आवाज यायचा. वेल्ड थांबलेलं असताना लांब नळीत दाबाने साठलेला गॅस तो. तार सोडणाऱ्या फीडरशी बारीक ओरिफिस (अरुंद छिद्राचा तुकडा) आणि आतून अरुंद नळी लावली आणि तो थांबला.

2021 चा एप्रिल मात्र कोणीच विसरणार नाही. कोविडमध्ये ऑक्सिजन आधी रुग्णांना, हे योग्यच होतं. आर्गन-नायट्रोजनचे बाटलेसुद्धा साफ करून ऑक्सिजनसाठी वापरायला काढले गेले. आर्गन हवेतूनच, ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या प्लान्टमधूनच येतो, हवेत तो 1 टक्क्याहूनही कमी आहे. आम्ही रिकामे बाटले दिले, शेड जवळजवळ बंद ठेवली आणि उरलेल्या गॅसवर एका औषध कारखान्याचं तातडीचं काम पुरं केलं. कोणत्या साइजच्या जोडाला किती गॅस लागतो ते अण्णांच्या वह्यांमुळे आम्हाला लिटरमध्ये माहीत होतं, म्हणूनच ते जमलं.

औषधाच्या पाइपला आतूनही आर्गन भरावा लागतो, नाहीतर वेल्डच्या आतल्या बाजूला जळक्या साखरेसारखा खरखरीत काळा थर जमतो आणि त्यात जंतू घर करतात. आर्गन हवेपेक्षा जड, म्हणून तो खालून सोडायचा आणि हवा वरून बाहेर काढायची. पाइपची दोन्ही तोंडं सबंध बंद करण्यापेक्षा जोडाच्या दोन्ही बाजूंना पाण्यात विरघळणाऱ्या कागदाचे बांध घातले की गॅस कितीतरी कमी लागतो. शेवटचा इंचभर जोड राहिला की आतला प्रवाह कमी करायचा, नाहीतर तो वितळलेला धातू बाहेर ढकलतो. आत ऑक्सिजन किती उरला हे आम्ही अंदाजाने ठरवत नाही, मीटर लावतो.

आणि हाच मीटर आता टाकीच्या तोंडाशीही असतो. हे मला सगळ्यांत पोटतिडकीने सांगायचं आहे. वेल्डर टाकीच्या आत टॉर्च ठेवून जेवायला जातो, टॉर्चचा वॉल्व्ह किंचित गळत असतो, आणि तासाभरात तळाशी आर्गन साचतो. परत आत उतरणाऱ्याला गुदमरल्यासारखंही वाटत नाही, कारण छाती कोंडते ती कार्बन डायऑक्साइडने, ऑक्सिजन कमी झाल्याने नव्हे. माणूस नुसता खाली बसतो. त्याला काढायला धावणारा दुसराही तिथेच पडतो. म्हणून आमच्याकडे जेवणाला, चहाला, फोन घ्यायलाही बाहेर येताना टॉर्च आणि नळी टाकीबाहेर आणायची आणि बाटला बंद करायचा. आत हवा खेळवायचा ब्लोअर चालू, तळाशी मीटर बाहेरच्या हवेइतका 20.9 टक्के ऑक्सिजन दाखवतोय, तोंडाशी एक माणूस उभा, हे तिन्ही असल्याशिवाय कोणी आत पाय टाकत नाही. डिलिव्हरी अडली तरी नाही. नवीन मुलगा आला की काका त्याला पहिल्या दिवशी वेल्डिंग शिकवत नाहीत. "बेटा, आधी टॉर्च बाहेर कशी आणायची ते शीक," म्हणतात.

सध्या द्रवरूप आर्गनचा मोठा सिलिंडर घ्यावा का, हा विचार चालू आहे. बाटले चढवण्या-उतरवण्याची मेहनत वाचेल आणि प्रत्येक बाटल्याच्या तळाशी उरून परत जाणारा गॅसही. पण द्रव आर्गन वापर नसला तरी रोज थोडा उडत राहतो, आणि आमची एकच शिफ्ट आहे. दिवाळीनंतर दुसरी शिफ्ट सुरू झाली की वहीतले आकडे पुन्हा मांडू आणि तेव्हाच ऑर्डर देऊ.