नऊ मतं आणि एक चिठ्ठी

भाची यंदा कॉलेजात गेली. परवा माझ्या माहेरी आली होती, तेव्हा कपाटाच्या खणात तिला माझा जुना रबरी शिक्का सापडला. 'विद्यापीठ प्रतिनिधी' असं कोरलेला, शाई वाळून काळाठिक्कर झालेला. तिनं विचारलं, "मावशी, तू निवडून आली होतीस?"

हो म्हणावं की नाही, हे मला पटकन ठरवता येईना. तिला तेव्हा जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहून ठेवते.

साल 2003. तालुक्याच्या गावातलं कॉलेज. नाव लिहीत नाही, कारण संस्था अजून तिथेच आहे आणि माझं माहेरही. मी टीवायबीकॉमला, म्हणजे बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला होते. जुलैच्या शेवटी नोटीस बोर्डावर वर्ग प्रतिनिधींची यादी लागली आणि तिच्यात माझं नाव होतं. अर्ज नाही, प्रचार नाही, कुणी हात वर केला नाही. एसवायला 71 टक्के पडले होते, वर्गात पहिली आले होते, म्हणून सीआर, म्हणजे वर्ग प्रतिनिधी. वर्गातल्या निम्म्या मुलांना माझं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. मी पहिल्या बाकावर बसायचे आणि लेक्चर सुटलं की एसटी गाठायला पळायचे.

हे असं का, ते तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही. पूर्वी कॉलेजात जीएसच्या, म्हणजे जनरल सेक्रेटरीच्या निवडणुका व्हायच्या, खुल्या मतदानानं. आमचे मामा त्या काळातले. भिंती रंगवणं, जीपवर भोंगा, वडापावच्या पंगती, हॉकी स्टिक, सगळं ते रंगवून सांगायचे. महाराष्ट्रातले कितीतरी पुढारी त्याच मातीतले. शरद पवार पुण्याच्या बीएमसीसीतले, आणि प्रमोद महाजन, गोपीनाथ मुंडे अंबाजोगाईच्या कॉलेजपासूनचे मित्र. पण हाणामाऱ्या वाढत गेल्या. 1989 साली मुंबईत कॉलेज निवडणुकीच्या वादातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला आणि राज्यभर खळबळ उडाली. पुढे 1994 च्या विद्यापीठ कायद्यानं खुलं मतदान बंद करून गुणवत्तेची पद्धत आणली. आधीच्या परीक्षेत वर्गात पहिला आलेला विद्यार्थी वर्ग प्रतिनिधी. शिवाय खेळ, एनएसएस, एनसीसी आणि सांस्कृतिक यांचा प्रत्येकी एक विद्यार्थी आणि दोन विद्यार्थिनी, हे सहा जण प्राचार्यांनी नेमायचे. ही कॉलेजची विद्यार्थी परिषद, तिचे अध्यक्ष प्राचार्य स्वतः. आणि या सगळ्या विद्यार्थ्यांनी आपल्यातून एक सचिव निवडायचा. तोच यूआर, म्हणजे विद्यापीठ प्रतिनिधी.

कागदावर छान दिसतं. हुशार मुलं आली की राजकारण गेलं.

आता आमच्या कॉलेजचं गणित मांडते. बीए, बीकॉम, बीएस्सी, एमकॉम आणि काही वर्गांच्या दोन-दोन तुकड्या धरून बारा सीआर होते. अधिक नेमलेले सहा. एकूण अठरा मतं. म्हणजे तिसरा हिस्सा मतं प्राचार्यांच्या टेबलावरच ठरलेली. बारातली चार फोडली की झालं काम. कॉलेजात मुलं चौदाशे. चौदाशेंना वडापाव चारायचा म्हणजे खर्च, चौघांना चारायचा तर एका टेबलाचं बिल. राजकारण गेलं नव्हतं, स्वस्त झालं होतं.

मी उभी राहिले ती चिडून. लायब्ररीत आम्ही सात-आठ जण रोज भेटायचो, सगळे आपापल्या वर्गातले पहिले. तिथे एमकॉमचा सीआर म्हणाला, "यंदा संस्थेनं कबड्डीवाल्याला यूआर करायचं ठरवलंय." ठरवलंय, हा शब्द टोचला. कबड्डीवाला म्हणजे खेळाच्या कोट्यातून नेमलेला, संचालकांपैकी एकाचा भाचा. बाकी कुणी उभं राहायला तयार नव्हतं. मुलांना सबमिशनची भीती, मुलींना घरची. मी म्हटलं, मी राहते. का म्हटलं, ते आजही नीट सांगता येत नाही. थोडा राग आणि बराचसा भाव खायचा मोह, असं असावं.

निवडणूक प्राचार्यांच्या केबिनमध्ये झाली. अठरा जणांना खुर्च्या पुरल्या नाहीत, म्हणून आठ-दहा जण भिंतीला टेकून उभे. शिपाईमामांनी परीक्षेच्या पुरवणीचे कागद पट्टीनं फाडून अठरा तुकडे केले. मतपेटी म्हणजे खडूची लाकडी पेटी, तिच्या तळाशी पांढरी भुकटी तशीच. उपप्राचार्यांनी एकेक चिठ्ठी झटकून वाचली. झटकताना खडूची धूळ उडायची आणि सर प्रत्येक वेळी शिंकायचे. आठ-आठ झालं. नऊ-आठ झालं. शेवटची चिठ्ठी उघडली आणि नऊ-नऊ.

सहाच्या सहा नेमलेले तिकडे गेले होते, हे हिशेबावरून सरळच दिसत होतं. म्हणजे आमच्यातलेही तिघे गेले होते. कोण ते मला आजही माहीत आहे, पण त्यातल्या एकीशी माझी अजून मैत्री आहे, तेव्हा जाऊ द्या.

बरोबरी झाल्यावर काय करायचं, यावर केबिनमध्ये दहा मिनिटं कुजबुज. शेवटी दोन नावं लिहून त्याच पेटीत टाकली आणि शिपाईमामांना डोळे मिटून एक काढायला सांगितली. त्यांनी माझी काढली. प्राचार्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण माणूस शब्दाला पक्का. तिथेच घोषणा केली आणि चहा मागवला.

तर भाचीला मी सांगितलं ते हे. चौदाशे विद्यार्थ्यांची प्रतिनिधी, नऊ मतं आणि एका चिठ्ठीवर. त्या चौदाशेंपैकी एकाकडेही मी मत मागायला गेले नव्हते.

खरी गंमत पुढे सुरू झाली. सगळ्या कॉलेजांच्या यूआरच्या मतांवर विद्यापीठाच्या विद्यार्थी परिषदेचे पदाधिकारी ठरायचे, आणि तिथे गेलेल्याला विद्यापीठाच्या कारभारात खुर्ची मिळायची. त्यामुळे प्रत्येक यूआर म्हणजे एक नगद मत. आठवड्याच्या आत आमच्या दारात टाटा सुमो उभी राहिली. उतरलेल्या चौघांतला एकही विद्यार्थी वाटत नव्हता. एकाच्या मिशीत तर चक्क पांढरे केस. मी वीस वर्षांची, आणि ते मला ताई म्हणत होते. "ताई, आपल्या माणसाकडं लक्ष असू द्या." पेढ्यांचा पुडा ठेवून गेले. आईनं तो देवापुढे ठेवला आणि मग कुणालाच खाऊ दिला नाही. दोन दिवसांनी मुंग्या लागल्या.

मुलगे यूआर असतील तर त्यांना सरळ उचलायचे. उचलायचे म्हणजे पळवूनच नेतात असं नाही, बहुतेक जण आनंदानं जायचे. शेजारच्या तालुक्यातला एक यूआर मतदानाच्या चार दिवस आधी घरातून 'अभ्यास शिबिराला' म्हणून गेला होता. शिबिर महाबळेश्वरला, हे त्यानंच मग सांगितलं. आमदारांना हॉटेलात ठेवल्याच्या बातम्या हल्ली येतात, तेव्हा लोक डोळे मोठे करतात. मला नवल वाटत नाही. ही शाळा आम्ही वीस वर्षांपूर्वीच पाहिली होती.

मुलींना महाबळेश्वरला नेता येत नाही. मुलींसाठी वडील गाठायचे.

आमचे अण्णा त्याच संस्थेच्या हायस्कूलमध्ये क्लार्क होते. आणि माझा धाकटा काका संस्थेच्याच दुसऱ्या शाळेत शिक्षणसेवक लागलेला. तीन वर्षं मानधनावर, मग कायम. त्याचं तिसरं वर्ष चालू होतं. एका संध्याकाळी अण्णा घरी आले, सायकल लावली, पाय धुतले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणाले, "साहेबांनी विचारलंय, पोरीचं मत आपल्याच माणसाला ना." एवढंच. काकाचं नाव त्यांनी घेतलं नाही, आईनं घेतलं नाही, मीही नाही. आई भाकरी थापत होती, ती थापत राहिली.

मतदानाला मी आणि अण्णा पहाटेच्या एसटीनं गेलो. विद्यापीठाच्या आवारात पोहोचलो तर एक लक्झरी बस लागलेली. तिच्यातून पंचवीस-तीस मुलं उतरली. सगळ्यांच्या डोक्यावर एकसारख्या पांढऱ्या टोप्या, डोळे झोपेनं सुजलेले. दोन्ही बाजूंनी दंडाला धरल्यासारखी माणसं, आणि तशीच रांगेत. आत जाईपर्यंत त्यांना कुणाशी बोलू देत नव्हते. पलीकडे कडुनिंबाखाली दुसरा घोळका होता, मुली यूआर आणि त्यांचे वडील, भाऊ, एकीचे तर सासरे. डबे आणलेले. मुली एका बाजूला गप्प, आणि बापलोक कांद्याच्या भावावर बोलत होते. अण्णाही त्यांच्यात जाऊन बसले. आमच्याकडे शेती नाही, तरी तेही कांद्यावर बोलले.

मी आत गेले, साहेबांच्या माणसाच्या नावापुढे फुली मारली आणि बाहेर आले. हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं. लायब्ररीतल्या माझ्या आठ जणांना तर मी उलटच सांगितलं होतं.

परतताना स्टँडवर अण्णांनी उसाचा रस घेतला, दोन फुल ग्लास. मत कुणाला दिलंस, हे काही त्यांनी विचारलं नाही.

वर्षभर मी काय केलं? कॉलेजच्या परिषदेच्या तीन बैठका झाल्या. दोन गॅदरिंगच्या आणि एक गॅदरिंगच्या हिशेबाची. मंडपाचं व्हाउचर, हारतुऱ्यांचं व्हाउचर, फोटोवाल्याचं व्हाउचर, आणि खाली माझी सही. मंडपाचा आकडा बघून मी एकदा विचारलं, तर कारकुनांनी शांतपणे सांगितलं, "मॅडम, प्राचार्यांची सही आधीच झालीय." वीस वर्षांच्या मुलीला मॅडम म्हणाले की समजावं, प्रश्न संपला.

एक काम मात्र झालं, आणि त्याचं श्रेय माझं नाही. बीएस्सीची प्रॅक्टिकल्स पाचला सुटायची आणि आमच्या बाजूच्या गावांची शेवटची बस पावणेपाचची. मुली तर प्रॅक्टिकल अर्धं टाकून पळायच्या. दिवाळीनंतर एक दिवस कबड्डीवाला लायब्ररीच्या दारात आला. हातात वहीचे फाडलेले कागद, त्यावर 212 सह्या. गावागावाप्रमाणे लावलेल्या, कुठल्या थांब्यावर किती पोरं उतरतात ते समोर पेन्सिलीनं लिहिलेलं. म्हणाला, "तू यूआर आहेस, तुझा शिक्का लागेल." मी म्हटलं, शिक्काच नाही. मग त्याच दुपारी बाजारपेठेतून पस्तीस रुपयांत करून घेतला, पैसे त्यानंच दिले. आगार व्यवस्थापकांनी सह्या नुसत्या चाळल्या, शिक्का मात्र चष्मा वर करून दोनदा वाचला. जानेवारीपासून पाच वीसची गाडी सुरू झाली.

या 212 जणांना तो भेटला होता. मी भेटले नव्हते, कारण मला कुणाला भेटण्याची गरजच पडली नव्हती. पद मार्कांवर मिळालं, मग चिठ्ठीवर. खुली निवडणूक असती तर तो चौदाशेतली हजार मतं घेऊन आला असता. संचालकाचा भाचा असूनही, आणि नसता तरीही. 'संस्थेनं ठरवलेला माणूस' म्हणून त्याच्यावर चिडून मी उभी राहिले, आणि मत शेवटी संस्थेच्या माणसालाच देऊन आले. त्यानं मात्र पडल्यावरही बस आणली. आता तो गावाचा सरपंच आहे, थेट निवडून आलेला.

भाचीनं विचारलं, मग आता कसं असतं? म्हटलं, आता तर कायदा बदललाय. 2016 चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा आला, 1 मार्च 2017 पासून लागू झाला, आणि त्यात खुलं मतदान परत आणलंय. अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी आणि राखीव प्रवर्गातला एक प्रतिनिधी, सगळ्या विद्यार्थ्यांच्या मतांनी. त्याआधी 2006 साली सुप्रीम कोर्टानं विद्यार्थी निवडणुकांसाठीच्या लिंगडोह समितीच्या शिफारशी लागू केल्या होत्या. उमेदवाराचा खर्च पाच हजारांच्या आत, हजेरी किमान 75 टक्के, छापील पोस्टर बंद, फक्त हातानं केलेली. मामांचं तर पोस्टरच्या गोंदाचं बिलच पाच हजारांच्या वर गेलं असतं. 2019 ला आपल्याकडे मतदानाचं वेळापत्रकही निघालं. मग ते पुढे ढकललं, आणि पुढच्या वर्षी कोरोना.

"मग आमच्याकडे कधी?" ती म्हणाली. मी म्हटलं, तुमच्या प्राचार्यांना विचार. ती म्हणाली, विचारते. तिचा आवाज ऐकून मला जरा धास्तीच वाटली, आणि बरंही.

अण्णा झोपाळ्यावर पेपर घेऊन बसले होते. हे सगळं ऐकत असावेत, कारण बराच वेळ पान उलटल्याचा आवाज आला नव्हता. पेपर खाली न करताच त्यांनी विचारलं, "दिलं होतंस कुणाला मग?"

"साहेबांनी सांगितलं त्याला."

"हं," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "मला वाटलं होतं, नाही देणार तू."

आणि पान उलटलं.