आमची वाटचाल : धुतलेल्या एटीव्हीच्या आत काय असतं

राजेंद्र नगरात बाबांचं टू-व्हीलरचं गॅरेज होतं, बजाज स्कूटर, लूना, नंतर हिरो होंडा, आणि कॉलेज झाल्यावर मी पण तिथेच बसलो. एटीव्ही, म्हणजे कच्च्या रस्त्यावर फिरायची जाड टायरांची, हँडलवाली चारचाकी, तिचं काम काही ठरवून धरलं नाही. इंदूरच्या बाहेर खंडवा रोड, महू, चोरल या बाजूला फार्महाऊस आणि रिसॉर्ट वाढत गेले, पाहुण्यांना फिरवायला लोकांनी एटीव्ही आणल्या, आणि त्या बंद पडल्या की हात लावणारं कुणी मिळेना, मग आमच्याकडे यायला लागल्या. सुरुवातीच्या बहुतेक चायनीज ११० सीसीच्या, आडवं सिलेंडर, एअर कूल्ड, मागे चेन, बाबांना त्यात काही नवल वाटलं नाही. पोलारिस ही अमेरिकन एटीव्ही कंपनी भारतात आली २०११ मध्ये, त्यांच्या गाड्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा खरा अभ्यास करावा लागला, ईएफआय म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन, बेल्टवाली सीव्हीटी म्हणजे गिअर न बदलता चालणारी ऑटोमॅटिक, ऑन-डिमांड फोर व्हील म्हणजे गरज पडली की चारही चाकांना ताकद, रात्री मॅन्युअल घेऊन बसायचो आणि बाबा म्हणायचे परीक्षेला एवढं बसला असतास तर.

रिपेअरिंगमधूनच खरेदी-विक्री निघाली. जो तो म्हणायचा, तुम्हीच एखादी जुनी बघून द्या ना. आता जास्त काम तेच, कुणी घ्यायच्या आधी गाडी तपासून देणं, नाहीतर आम्हीच घेऊन, उघडून, नीट करून विकणं. यात अडचण एकच, विकणारा गाडी प्रेशर वॉशरने धुऊन, प्लास्टिकला पॉलिश मारून, टायर काळेकुळकुळीत करून उभी करतो, आणि गिऱ्हाईक तिथेच अर्धं विरघळतं. त्या प्रेशरनेच बेअरिंगच्या सीलमधून पाणी आत जातं ते वेगळंच.

म्हणून जिथे पाण्याचा पाइप पोचत नाही तिथून आम्ही सुरू करतो. सीट काढायची, एअरबॉक्स उघडायचा, फिल्टर बाहेर घ्यायचा आणि इंजिनकडे जाणाऱ्या नळीत आतून बोट फिरवायचं. फिल्टरच्या बाहेर धूळ असणारच, माळव्यात उन्हाळ्यात दुसरं काय उडणार, पण आतल्या नळीत बोटाला बारीक माती लागली तर ती सिलेंडरमध्ये पण गेलीय, पिस्टनच्या रिंगा घासल्यात असं धरून चालायचं. सिमरोलच्या पुढे एका फार्मवर मालक सारखे म्हणत होते, "भिया, गाड़ी घर में ही चली है", मी ते मातीचं बोट नुसतं त्यांच्यासमोर धरलं, भाव आपोआप उतरला. तरी घेतली नाही, कारण गार स्टार्टला निळा धूर काढत होती.

गार स्टार्टचं मी फोनवरच सांगून ठेवतो, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, आणि गेल्यावर पहिला हात इंजिनला लावतो. गरम लागलं तर चहा मागवायचा आणि बसायचं, आपल्याला कसली घाई. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, आणि लिक्विड कूल्ड गाडीत पांढरा धूर थांबतच नाही आणि गोडसर वास येतोय म्हणजे कूलंट आत जातंय. डिपस्टिकवर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं की समजायचं कुठल्यातरी नाल्यात मनसोक्त बुडवलीय. इंजिन ऑइल बदलून टाकणारे हुशार लोक पण असतात, म्हणून गिअरकेस आणि डिफरन्शियलचं ऑइल पण थोडं काढून बघतो, तिकडे सहसा कुणी हात लावलेला नसतो.

आपली काळी माती तर काय सांगावी, ओली असताना सोडत नाही आणि वाळली की खरवडून निघत नाही. रेडिएटरच्या जाळीत बसली की वरून स्वच्छ आणि आतून गच्च. त्यामुळे फॅन लागेपर्यंत गाडी चालू ठेवायलाच लावतो, मालक कंटाळला तरी.

मग जॅक. चाक वर आणि खाली धरून हलवायचं, खेळ असेल तर बेअरिंग नाहीतर बॉल जॉइंट, डावी-उजवीकडून धरल्यावर खेळ असेल तर बहुतेक टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याचं टोक. यात घाबरायचं कारण नाही, बेअरिंग-सील इंदूरच्या सियागंज बाजारात हिंडलं की साधारण मिळून जातात, फक्त भावात धरायचं. घाबरायचं ते फ्रेमला. ए-आर्म, म्हणजे चाकाला धरून ठेवणारे दांडे, जिथे फ्रेमला बसतात तिथे ताजा काळा स्प्रे दिसला की मी नखाने खरवडतो, खाली नवीन वेल्डिंग निघालं तर गाडी कुठेतरी जोरात आपटलेली आहे. सीव्ही बूट, म्हणजे अ‍ॅक्सलच्या सांध्यावरचं रबरी कव्हर, फाटलेला असला तर हँडल पूर्ण वळवून हळू चालवायची, कटकट आवाज आला तर नुसता बूट बदलून भागत नाही. चायनीज गाडीत मागचा अ‍ॅक्सल सरळ एक दांडा असतो, मागची बाजू उचलून चाक फिरवलं की वाकलेला लगेच दिसतो.

सीव्हीटीचं झाकण उघडायला लोक कुरकुर करतात, पण बेल्टवर एका जागी चपटा डाग असला तर गाडी चिखलात फसलेली असताना थ्रॉटल पिळलाय हे तिथेच कळतं. आणि मीटरवर इंजिन किती तास चाललं ते पण दिसतं, किलोमीटरला त्या तासांनी भागून बघा. १००० किलोमीटर आणि २०० तास म्हणजे सरासरी ५, म्हणजे गाडी ट्रॅकवर रांगत नाहीतर उभ्या उभ्या चालू राहिलीय, इंजिन किलोमीटरपेक्षा खूप म्हातारं.

कागदांचा गोंधळ नेहमीचा. एटीव्हीला सहसा आरसी नसते, रस्त्यावर चालवता येत नाही, पोलारिसचं ट्रॅक्टर म्हणून पास झालेलं ५७० मॉडेल हा अपवाद. त्यामुळे मूळ बिल, इंपोर्टचे कागद, आणि त्यावरचा नंबर फ्रेमच्या नंबरशी जुळवून बघायचा. नंबर घासलेला असला की आम्ही रामराम घालून निघतो.

काही गिऱ्हाइकं आमच्यावर नाराज पण आहेत. एकाला बारा वर्षांच्या मुलासाठी ५७० हवी होती, १६ वर्षांखाली चालवू नये असं कंपनीचंच स्टिकर गाडीवर आहे, मी नाही म्हटलं, त्याने दुसरीकडून घेतली. धंदा आहे, चालायचंच.

सध्या शेडमध्ये दोन ५७० आणि एक लहान चायनीज आहे. ५७० पैकी एकीचा बेल्ट यायचाय, तो बसून ट्रायल होईपर्यंत ती दाखवणार नाही, बाकीच्या दोन कधीही येऊन बघा, पण सकाळी लवकर या, इंजिन गार असताना.