फोंड्याची चढण पायी चढून पाहिली

पणजीशेजारच्या पर्वरीला भाड्याने राहून आम्हाला अकरा वर्षं झाली. ५० लाखांच्या आत दोन बेडरूमचा जुना फ्लॅट हवा, तर पणजीकडे कोणी दारातही उभं करत नाही. मडगावला हिचं माहेर आहे, पण तिथे नको म्हणाली (कारण विचारू नका). राहिलं फोंडा. घरात स्कूटर एकच, ती बायको ऑफिसला नेते. मी आणि सत्तरी ओलांडलेली आई दोघेही पायी फिरणारे. भाजी, नुस्तं (मासळी), डॉक्टर आणि बस चालत गाठता आलं पाहिजे, एवढीच अट.

आधी दोन रविवार एजंटच्या गाडीतून फिरलो. आठ फ्लॅट पाहिले. फोंडा मात्र काहीच पाहिला नाही. गाडी इमारतीखाली थांबायची, लिफ्टने वर, बाल्कनीतून "व्ह्यू", पुन्हा गाडीत. म्हणून जुलैत शुक्रवार ते रविवार बसस्टँडजवळच्या एका साध्या लॉजवर राहिलो, स्कूटर मुद्दाम घरी ठेवून. पावसाळाच निवडला, कारण डिसेंबरात गोव्यातलं कुठलंही घर चांगलंच दिसतं.

पणजीहून बस जुनं गोवं, बाणस्तारी, म्हार्दोळ करत फर्मागुडीला येते आणि तिथून शहरात उतरते. अंतर तीसेक किलोमीटर, पण ऑफिसच्या वेळेला तास धरूनच चाला. ज्यांना रोज पणजीला जायचंय त्यांनी सकाळी साडेसातच्या बसने, उभ्याने, एकदा तरी जाऊन बघावं. रात्री आठनंतर बस विरळ होत जातात, हेही थांब्यावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. फोंड्यात रेल्वे नाही. गाडी पकडायची तर बोरीच्या पुलावरून मडगाव, नाहीतर करमळी.

शुक्रवारी संध्याकाळी बाजारात दोन नारळ, तायखिळ्याची जुडी आणि किलोभर उकडे तांदूळ घेतले. पिशवी एका हातात, छत्री दुसऱ्या हातात, आणि एजंटने "बसस्टँडपासून पाच मिनिटं" म्हणून सांगितलेल्या इमारतीकडे निघालो. बावीस मिनिटं लागली. पाच मिनिटं स्कूटरची होती. बरं, बावीस मिनिटंही चालली असती, पण शेवटची सात सरळ चढणीची, फूटपाथ नाही, आणि रस्त्यावरून येणारं लाल पाणी थेट चपलेत. आई त्या वळणावर थांबून म्हणाली असती, "तूच जा वर." तो फ्लॅट तिथेच बाद.

फोंडा सपाट नाही हे सगळ्यांना माहीत असतं, घर घेताना मात्र कोणी धरत नाही. वरचा बाजार हे नावच पुरेसं बोलकं आहे. तिस्क ते वरचा बाजार हा टप्पा दोनदा चाला, एकदा सकाळी आणि एकदा दिवे लागल्यावर. कुठे दुकानाचा माल फूटपाथवर येतो, कुठे दिवा नाही, कुठल्या कोपऱ्यावर कुत्री असतात, सगळं त्यात येतं. दुपारी एक ते चार मात्र जाऊ नका. अर्धा बाजार झोपलेला असतो आणि मोहल्ला उगाच शांत वाटतो. एका "अगदी निवांत" इमारतीखाली संध्याकाळी साडेपाचला बस, डंपर आणि ट्यूशनची पोरं यांचा असा मेळ जमला की आम्हाला रस्ता ओलांडता येईना.

शनिवारी पहाटे पोदेराच्या, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याच्या, भोंग्याने जाग आली. ही खिडकीत उभी राहून मोजत होती, कितीजण खाली उतरून उंडे (गोल पाव) घेतात. ज्या इमारतीसमोर सायकल थांबतच नाही तिथले बहुतेक फ्लॅट बंद असणार, हा तिचा निष्कर्ष. मला पटलं. बंद फ्लॅटवाल्या इमारतीत लिफ्ट दुरुस्तीची वर्गणी कोण काढणार?

नंतर भाजी-पाव खाताना शेजारच्या टेबलावरच्या काकी स्वतःहूनच म्हणाल्या, "फ्लॅट पळयतात? फाटल्या वण्टीक हात लावन पळयात." मागच्या भिंतीला हात लावून बघा. तेव्हापासून आम्ही प्रत्येक घरात पहिल्यांदा बेडरूममधलं कपाट पुढे ओढायला सांगतो. नव्या रंगामागे बुरशी लपते, कपाटामागे लपत नाही. दोन मालकांनी कपाट हलवायला नकार दिला. तिथून चहा न घेता निघालो.

कुर्टीकडे त्याच पैशात एक खोली जास्त मिळते. पण तिथे पालिका संपते आणि कुर्टी-खांडेपार पंचायत सुरू होते. रस्ता तोच, तरी घरपट्टी, कचरा आणि ऑक्युपन्सी सर्टिफिकेट (भोगवटा दाखला) यांचं दार वेगळं. इमारत कोणाच्या हद्दीत, हे एजंटला विचारू नका, घरपट्टीच्या पावतीवर बघा. पाण्याचंही तसंच. ओपाचा जलशुद्धीकरण प्रकल्प इतका जवळ म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये खांडेपारजवळ जलवाहिनी फुटली तेव्हा तिसवाडीबरोबर (म्हणजे पणजीचा तालुका) फोंड्याचे नळही काही दिवस कोरडे होते. खालची टाकी केवढी आणि पंप कोण चालवतो, हे वॉचमनला विचारलं की खरं उत्तर मिळतं.

आईच्या दृष्टीने जमेची बाजू म्हणजे उपजिल्हा रुग्णालय फोंड्यातच आहे, मोठ्या दुखण्याला मात्र बांबोळीचं सरकारी मेडिकल कॉलेज. कवळे, मंगेशी, म्हार्दोळची देवळं जवळच, त्यामुळे तिने फ्लॅट न बघताच होकार देऊन टाकला होता.

कागदांचं थोडक्यात. एक-चौदाचा उतारा (इथला सातबारा म्हणा), शहर सर्वेक्षणात असेल तर त्याऐवजी फॉर्म डी, जमीन बिगरशेती केल्याची सनद, आणि ऑक्युपन्सी सर्टिफिकेट हे वकिलाकडे आधी द्या, टोकन नंतर. जुन्या कागदांवर "उत्तर गोवा" दिसलं तर दचकू नका, फोंडा तालुका २०१५ साली दक्षिण गोव्यात गेला. महाराष्ट्रातून येणारे एक गोष्ट हमखास विसरतात: इथे पोर्तुगीज नागरी कायद्याच्या परंपरेनुसार, लग्नाआधी वेगळा करार नसेल तर मालमत्ता नवरा-बायको दोघांची. दस्तावर नाव एकट्याचं असलं तरी विकताना सही दोघांची लागते. आणि मूळ मालक वारला असेल तर इन्व्हेंटरी (कोर्टातून वारसांची वाटणी) झालीय का, की वारसा दस्त आहे, हे पहिल्याच भेटीत विचारा, लाजू नका. स्टँप ड्यूटी किमतीच्या टप्प्यांप्रमाणे बदलते आणि नोंदणी शुल्क वेगळं. ते बजेटात न धरल्याने आमची पहिली दोन गणितं चुकली होती.

रविवारी दुपारी शेवटचा फ्लॅट पाहिला. वीस वर्षं जुनी इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. बाजार नऊ मिनिटं, तीही भरल्या पिशवीने. कपाट मालकाने स्वतः ओढलं. भिंत कोरडी. खाली पोदेर थांबतो का, हे बघायला बायको सोमवारी पहाटे बसने येऊन गेली. थांबतो.

किंमत ठरली आहे. पण मालकाची बायको मुलाकडे बहरीनला, आणि वकील तिच्या सहीशिवाय हलत नाही. मुखत्यारपत्र यायला महिना लागेल म्हणतात. तोवर दर शनिवारी आईला त्या जिन्याने वरखाली करून आणतोय. परवा दुसऱ्या मजल्यावर पोचून म्हणाली, "कठड्याचा रंग बदलायला सांग त्यांना."