ब्लॅकपिंकची डेडलाइन टूर, सिंगापूर: पोरींना घेऊन जाणाऱ्यांसाठी

नोव्हेंबर 2025 मध्ये सिंगापूरच्या नॅशनल स्टेडियमवर 28, 29, 30 असे सलग तीन दिवस ब्लॅकपिंक या कोरियन पॉप ग्रुपचे शो होते, त्यातल्या शनिवारच्या शोला मी, माझी भाची आणि तिची मैत्रीण अशा तिघी ठाण्याहून जाऊन आलो. पोरी दोघी कट्टर ब्लिंक, म्हणजे ब्लॅकपिंकच्या फॅन, मी आपली सोबत म्हणून, कारण ताईची अटच होती की मावशी बरोबर असेल तर जा, नाहीतर घरी बसून यूट्यूबवर बघा. परत आल्यापासून भाचीच्या कॉलेजातल्या मुलींच्या आयांचे फोन येतायत, व्हिसाचं काय, रात्री परत कशा आलात, जेवणाचे हाल झाले का, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू. कोणी काय घातलं होतं नि कोण किती गोड दिसत होतं ते माझ्याकडून नका विचारू, त्याला इंटरनेट भरलंय.

आता पहिला प्रश्न, सिंगापूरच का? तर ही टूर 5 जुलै 2025 ला कोरियात गोयांगला सुरू झाली, मग अमेरिका, युरोप, लंडनचं वेम्ब्ली करत ऑक्टोबरपासून आशियात आली, तैवानचं काओशुंग, बँकॉक, जकार्ता, फिलिपिन्स, सिंगापूर आणि मग जानेवारी 2026 मध्ये टोकियो नि हाँगकाँग. भारताचं नाव यादीत नव्हतंच. आपल्याला सोयीचे पर्याय खरं म्हणजे दोनच, बँकॉक आणि सिंगापूर. बँकॉक स्वस्त, भारतीयांना तेव्हा व्हिसा लागत नव्हता, आणि ग्रुपमधली लिसा मूळची थायलंडची त्यामुळे तिथे पब्लिक वेडं होतं ते वेगळंच. पण तिथलं राजमंगला स्टेडियम उघडं, ऑक्टोबरात पाऊस असतो, आणि ट्रेनचं स्टेशन स्टेडियमला लागून नाही, म्हणजे रात्री शो सुटल्यावर हजारो लोकांबरोबर टॅक्सी शोधत फिरा. सिंगापूरला स्टेडियमला सरकतं छप्पर आहे, आणि मेट्रो स्टेशन, ज्याला तिथे एमआरटी म्हणतात, अगदी दारात. दोन तरुण मुली बरोबर असताना माझ्यासाठी एवढं पुरे होतं, थोडे पैसे जास्त गेले तर गेले.

तिकिटाचं सांगायचं तर हे काम पोरींनाच करू द्या, त्यांना जमतं. आधी फॅनक्लबच्या मेंबरशिपवाल्यांना विक्री, मग इतरांना, आणि मग सगळ्यांसाठी, अशा पायऱ्या असतात, तर ती मेंबरशिप आधीच घेऊन ठेवली की जीव थोडा कमी टांगणीला लागतो. तुमचं काम फक्त क्रेडिट कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार चालू करून ठेवायचं आणि ओटीपी येईल तेव्हा फोन हातात ठेवायचा. बँक परदेशी चलनाचे वरून पैसे लावते तेही हिशोबात धरा, आम्ही गेलो तेव्हा एक सिंगापूर डॉलर 68-69 रुपयांच्या आसपास होता. टेलिग्रामवर कोणी माणूस एक्स्ट्रा तिकीट आहे म्हणाला तर सरळ ब्लॉक करा. असल्या तिकिटांच्या नावाखाली फसवाफसवी तिथेही होते, सिंगापूर पोलीस दर मोठ्या कॉन्सर्टच्या आधी इशारे देत असतात.

सीटबद्दल मात्र मी घरात ठाम होते आणि पुढच्यांनाही तेच सांगेन, खाली मैदानावर स्टेजच्या जवळ म्हणून उड्या मारू नका. आपल्या मुलींची उंची पाच फूट दोन इंच, पुढे एखादा सहा फुटी माणूस फोन वर धरून उभा राहिला की संपलं, चिकार पैसे देऊन त्याच्या फोनच्या स्क्रीनवर शो बघायचा. त्यापेक्षा बाजूच्या खालच्या मजल्यावरच्या खुर्च्या बेस्ट. सगळ्यात वरचे, म्हणजे सहाशेच्या पुढच्या नंबरांचे सेक्शन स्वस्त असतात पण चढ जबरदस्त आहे, ज्यांना उंचीची भीती वाटते किंवा गुडघे कुरकुरतात त्यांनी विचार करून घ्या. आणि स्टेजच्या अगदी कडेला किंवा मागे असलेली सीट घेण्याआधी नकाशा नीट बघा. गोयांगच्या पहिल्याच शोमध्ये एका भागातल्या लोकांना समोरच्या मोठ्या एलईडी स्क्रीनमुळे काही दिसलंच नव्हतं, एवढी बोंबाबोंब झाली की ग्रुपच्या कंपनीला माफी मागून पैसे परत द्यायची पाळी आली.

व्हिसा आपल्याला लागतो, तो अधिकृत एजंटमार्फत करायचा, सरकारी फी 30 सिंगापूर डॉलर, एजंटचे वर वेगळे. कॉन्सर्टचं तिकीट हातात आलं म्हणून लगेच नॉन-रिफंडेबल हॉटेल करू नका, रद्द करता येईल असंच घ्या, आणि घ्या मात्र लगेच, कारण मोठ्या शोच्या वीकेंडला तिथले रेट दर दिवशी वर चढतात. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे देशात शिरण्याचा फॉर्म, ऑनलाइन भरावं लागतं, ते फुकट आहे, गुगलवर पैसे मागणाऱ्या साइट्स येतात त्यांच्या नादी लागू नका. च्युइंगम नेऊ नका आणि व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, तर अजिबात नाही, कॉलेजच्या मुलामुलींच्या बॅगेत काय असेल सांगता येत नाही म्हणून मी निघताना दोघींच्या बॅगा उघडून बघितल्या, दोघी फुगून बसल्या, बसू दे.

आम्ही लिटल इंडियात, म्हणजे तिथल्या भारतीय वस्तीत राहिलो. हॉटेल साधंच, खोली एवढीशी, पण खाली उतरलं की इडली-डोसा. कोमला विलास आहे, टेक्का सेंटर आहे, शाकाहारी माणसाला उपाशी राहायची वेळ येत नाही. आणि स्टेडियमला जायला एकदम सोपं, लिटल इंडियाहून डाउनटाउन लाइनने प्रोमेनेड, तिथे बदलून सर्कल लाइनने दुसरं स्टेशन स्टेडियम. तिकीट काढायची गरज नाही, आपलं टॅपवालं कार्ड चालतं, फक्त परदेशी कार्डाला दिवसाचा छोटासा जास्तीचा चार्ज पडतो. ट्रेनमध्ये काही खायचं-प्यायचं नाही हां, पाण्याचा घोटसुद्धा नाही, दंड 500 डॉलरपर्यंत आहे.

शोच्या दिवशी पोरींना सकाळीच जायचं होतं, का तर मर्चंडाइज. टीशर्ट आणि ती गुलाबी हातोड्यासारखी लाइटस्टिक, शोमध्ये हातात धरून हलवायचा दिवा. लाइन बघून मला लालबागची आठवण झाली, फक्त इथे नवसाची आणि मुखदर्शनाची वेगळी रांग नव्हती. लाइटस्टिक इथूनच घेऊन जाता आली तर उत्तम, तिचे सेल आणि पॉवरबँक मात्र विमानात केबिन बॅगेतच ठेवायचे. लाइनमध्ये एकीने उभं राहायचं आणि बाकीच्यांनी शेजारच्या कलांग वेव्ह मॉलमध्ये एसीत बसायचं, आळीपाळीने. नोव्हेंबरअखेर तिथे पावसाचे दिवस, दुपारी धो धो येतो आणि तासाभरात ऊन, छत्री हवीच, पण घडीची छोटी, कारण मोठी बॅग किंवा लांब छत्री गेटवर अडवतात. बाहेरचं खाणंही आत नेता येत नाही, त्यामुळे चारच्या सुमारास पोटभर जेवून घ्या. मी पर्समध्ये दोन राजगिऱ्याच्या वड्या नेल्या होत्या, त्या गेल्या आत, पण हे काही नियम म्हणून सांगत नाहीये.

आता शो. मला त्यांच्यातली जेमतेम चार गाणी माहीत होती आणि तरी मजा आली हे कबूल. 2016 साली सुरू झालेला ग्रुप, चौघीच जणी, आणि पंचावन्न हजारांचं स्टेडियम त्या कसं काय धरून ठेवतात हे बघण्यासारखं आहे. मधे मधे प्रत्येकीचा एकटीचा भाग असतो, म्हणजे जिसू, लिसा, जेनी, रोझे आपापली सोलो गाणी करतात, तेवढ्यात बाकीच्या कपडे बदलतात, दम घेतात. रोझेचं ते आपाटू आपाटू सुरू झालं तेव्हा आमच्या मागच्या रांगेतले सत्तरीचे आजोबासुद्धा हात वर करून होते. जंप या नव्या गाण्याला अख्खं स्टेडियम उड्या मारतं, काँक्रीट हलल्याचं पायाला कळतं, हार्टवाल्यांनी बसून राहावं. आवाज प्रचंड, इअरप्लग न्या, पोरी हसतील पण दुसऱ्या दिवशी कान वाजले नाहीत ते माझेच. नव्या गाण्यांचा अल्बम तेव्हा आलेला नव्हता त्यामुळे बरीचशी गाणी जुनीच होती, काही फॅन्स त्यावर नाराज होते, मला काय, मला सगळीच नवी.

सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे बाहेर पडणं. शो संपला की स्टेडियम स्टेशनवर आत सोडणंच थांबवत थांबवत करतात, तिथे तासभर जाऊ शकतो. आम्ही तिकडे वळलोच नाही, गर्दीच्या मागून चालत कलांग स्टेशन गाठलं, दहा-पंधरा मिनिटं लागतात, रस्ता उजेडाचा आणि माणसांनी भरलेला, तिथून हिरव्या लाइनने बुगिस, मग लिटल इंडिया. माउंटबॅटन स्टेशनचाही पर्याय आहे. शेवटच्या गाड्या बाराच्या आसपास असतात हे लक्षात ठेवा, आणि आत जायच्या आधीच मुलींबरोबर चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते ठरवा, फोनचं नेटवर्क त्या गर्दीत काही कामाचं नसतं.

परतीचं विमान शोच्या रात्रीचं घेऊ नका. आम्ही रविवारी निघालो तरी एक गंमत झालीच, 29 नोव्हेंबरपासून 8 डिसेंबरपर्यंत हिरव्या लाइनचा विमानतळाकडचा तुकडा कामासाठी बंद होता. आदल्या आठवड्यात भाचीने वाचलेलं होतं म्हणून आम्ही डाउनटाउन लाइनने एक्स्पोला जाऊन तिथून चांगी विमानतळाची गाडी पकडली, बॅगा घेऊन जिने चढायला लागले नाहीत. तर निघायच्या आधी मेट्रोच्या बंदची माहिती बघाच. आणि चांगीला तीन तास आधी नाही, पाच तास आधी पोचा, विमानतळाला लागूनच्या ज्वेल मॉलमधला तो 40 मीटरचा धबधबा बघायला पैसे पडत नाहीत, आणि पोरींना फोटोसाठी किती वेळ लागतो ते काही कुठल्या नकाशात दाखवत नाहीत.