जॉन्सनचं नाव कोणी काढतच नाही

केनेडी, ओबामा, फार तर रेगन. अमेरिकन प्रेसिडेंटवर गप्पा निघाल्या की हीच नावं येतात, केनेडीनंतर प्रेसिडेंट झालेल्या लिंडन जॉन्सनचं कोणी काढत नाही आणि काढलंच तर लगेच व्हिएतनाम. आता व्हिएतनाम आहेच, ते काही पुसता येत नाही, पण १९६५ चा जुलै बघा ना राव. २८ तारखेला हा माणूस जाहीर करतो की तिथलं सैन्य ७५ हजारांवरून सव्वा लाख करतोय, आणि ३० तारखेला मिसुरीत जाऊन मेडिकेअरवर सही, म्हणजे म्हाताऱ्यांच्या दवाखान्याच्या बिलांची सोय, आणि पहिलं कार्ड म्हाताऱ्या माजी प्रेसिडेंट ट्रूमनच्या हातात, कारण सरकारी आरोग्य विम्यासाठी तो भांडला होता पण त्याला ते जमलं नव्हतं. ६ ऑगस्टला काळ्या लोकांचा मतदानाचा हक्क जपणारा व्होटिंग राइट्स अ‍ॅक्ट. ऑक्टोबरात इमिग्रेशनचा कायदा, ज्याच्या आधी भारताचा कोटा होता वर्षाला जेमतेम १०० जणांचा! न्यू जर्सीत गणपती बसवणाऱ्या आपल्या मंडळींनी याच्या नावाने एक नारळ फोडायला हरकत नाही.

हे सगळं जमायचं कसं, तर गडी सेनेटमध्ये मुरलेला. १९५७ चा एक फोटो आहे, बिचारे सेनेटर ग्रीन टेबलाला टेकून मागे मागे वाकलेत आणि हा सहा फुटांच्या वरचा माणूस तोंडाशी तोंड नेऊन काहीतरी गळी उतरवतोय. कुणाला काय हवंय, कुणाची नस कुठे, सगळं पाठ. १९६४ चा, वंशभेदाविरुद्धचा सिव्हिल राइट्स अ‍ॅक्ट असाच, सेनेटमधल्या विरोधी पक्षाच्या नेत्याला, डर्कसनला घोळात घेऊन पास झाला.

आणि घोळ तिथेच झाला असं मला वाटतं. एप्रिल १९६५ मध्ये जॉन्स हॉपकिन्सला भाषण करून याने व्हिएतनामकडच्या मेकाँग नदीच्या खोऱ्याच्या विकासासाठी १०० कोटी डॉलरची ऑफर दिली, जणू उत्तर व्हिएतनामचा नेता हो ची मिन्ह म्हणजे धरण मागणारा कुणी सेनेटर! तिथे ही मात्रा चालणार कशी? आपल्यालाही हिसका बसलाच म्हणा, दुष्काळात पीएल-४८० चा, म्हणजे अमेरिकेच्या धान्य मदतीचा गहू याने थोडा थोडा करून सोडला, जहाजं कधी निघणार यावर स्वतः लक्ष ठेवून.

चीड मात्र येते ती याच्या फोनवरच्या बोलण्याच्या टेप्सची. मे १९६४, मोठं सैन्य उतरायच्या कितीतरी आधी, हा आपल्या सुरक्षा सल्लागाराला, बंडीला सांगतोय की ही लढाई लढण्याच्या लायकीची वाटत नाही आणि बाहेरही पडता येईलसं वाटत नाही. म्हणजे कळत होतं हो त्याला! पण पळ काढला तर प्रेसिडेंटवर महाभियोग आणतील ही धास्ती, तीही त्याच दिवसाच्या टेपवर आहे. मग गेलाच आत, पाच लाखांवर सैन्य झालं, आणि शेवटी घरी बसायची वेळ आलीच, ३१ मार्च १९६८ ला टीव्हीवर स्वतःच सांगून टाकलं की परत उभा राहणार नाही.